हजारो संगणकांत वाटलेला पाऊस

गोंदिया जिल्ह्यात आषाढ लागला की धानाच्या शेतकऱ्यापुढे दरवर्षी तोच पेच असतो. पऱ्हे रोवणीला आलेले असतात. बांध्यांत चिखलणीपुरते पाणी साचायला हवे असते, पण रोवलेले धान बुडेल इतके नको असते. मजूर आज सांगायचे की दोन दिवस थांबायचे? अशा वेळी तो मोबाईलवर हवामान विभागाचा अंदाज पाहतो. गोंदिया जिल्हा, पुढचे पाच दिवस, कुठे हलका तर कुठे जोरदार पाऊस.

या चार ओळींमागे एक कोडे दडलेले आहे. हवा कोणासाठी थांबत नाही. उद्याचे हवामान काढायला गणिताला दोन दिवस लागले, तर उत्तर कितीही अचूक असले तरी ते कालच्या पावसाचे ठरेल. म्हणजे हे गणित प्रत्यक्ष हवामानापेक्षा पुष्कळ वेगाने पुढे पळायला हवे. ते इतके प्रचंड आहे की जगातल्या कोणत्याही एका संगणकाला वेळेत झेपत नाही. म्हणून ते एकत्र जोडलेल्या हजारो संगणकांत, म्हणजे महासंगणकात, वाटून देतात. पण एकच गणित हजार जणांनी एकाच वेळी कसे सोडवायचे? कोणी किती काम घ्यायचे, कोणी कोणाशी बोलायचे आणि एखादा मध्येच बंद पडला तर काय करायचे? या प्रश्नांची उत्तरे ठरवणाऱ्या शास्त्राला वितरित संगणनाची रचना म्हणतात.

आभाळाच्या बांध्या

गोंदियाकराला ही रचना समजायला धानाच्या शेतापेक्षा चांगले उदाहरण नाही. उताराच्या जमिनीवर धुरे घालून शेताच्या लहान लहान बांध्या केलेल्या असतात. वरच्या बांधीतले जास्तीचे पाणी धुऱ्याच्या फटीतून खालच्या बांधीत उतरते. एखाद्या बांधीत तासाभराने किती पाणी असेल, हे सांगायला तीन गोष्टी पुरतात: आत्ता किती आहे, शेजारून किती आले आणि शेजारी किती गेले. वरून पडलेला पाऊस त्यात मिळवायचा, जमिनीत मुरलेले पाणी वजा करायचे.

हवामानाचे गणितही याच पद्धतीने चालते. शास्त्रज्ञ पृथ्वीभोवतीच्या हवेच्या चौकटी पाडतात. प्रत्येक चौकटीसाठी तापमान, दाब, बाष्प आणि वारा यांचे आकडे ठेवतात. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे ढकलली जाते, तापलेली हवा वर चढते, वर गेल्यावर थंड होते आणि तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात. हे नियम समीकरणांत मांडलेले आहेत. ती सोडवून प्रत्येक चौकटीतले थोड्या वेळाने होणारे आकडे काढायचे, मग त्या आकड्यांवरून त्यापुढचे. अशा हजारो पावलांनी गणित आजपासून दहाव्या दिवसापर्यंत पोचते.

आता आकार पाहू. गोंदिया जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ५,२०० चौरस किलोमीटर आहे. चौकटीची बाजू १२ किलोमीटर धरली, तर अख्खा जिल्हा साधारण ३६ चौकटींत बसतो. २६ मे २०२५ रोजी ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ ही नवी अंदाजप्रणाली देशाच्या सेवेत आली. तिची चौकट ६ किलोमीटरची आहे. त्या मापाने जिल्ह्याच्या सुमारे १४५ चौकटी होतात आणि संपूर्ण पृथ्वीच्या सुमारे १ कोटी ४० लाख. जमिनीपासून वर हवेचे शंभर थर धरले तर चौकटी १४० कोटींवर जातात.

चौकट निम्मी केली की काम दुप्पट होत नाही, आठपट होते. लांबी आणि रुंदी दोन्हींकडे चौकटी दुप्पट झाल्याने त्यांची संख्या चौपट होते. शिवाय काळाचे पाऊलही निम्मे करावे लागते. सेकंदाला १०० मीटर वेगाचा उंचावरचा वारा ६ किलोमीटरची चौकट एका मिनिटात ओलांडतो. पाऊल फार लांब टाकले तर साध्या पद्धतीच्या गणितात वारा शेजारच्या चौकटीची दखल न घेता तिच्यावरून उडी मारतो आणि आकडे बिघडतात. काही चतुर पद्धती थोडी लांब पावले टाकू देतात, पण चौकट लहान झाली की पावलांची संख्या वाढते, हे काही सुटत नाही.

एकच मोठा संगणक का नाही?

हे काम वाटून घ्यावे, ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर काम करत असताना युरोपच्या हवामानाचे सहा तासांचे गणित हाताने केले. त्याला कित्येक आठवडे लागले आणि उत्तरही चुकले. तरीही १९२२ च्या पुस्तकात त्याने एका विशाल सभागृहाचे चित्र रंगवले. त्यात ६४,००० माणसे बसलेली, प्रत्येकाकडे पृथ्वीचा एक तुकडा, प्रत्येक जण आपले आकडे शेजाऱ्याला दाखवणारा. मध्यभागी उंच आसनावर एक प्रमुख. जे पुढे पळतात आणि जे मागे पडतात, त्यांच्यावर तो वेगवेगळ्या रंगांचे झोत टाकून सर्वांना एका चालीत ठेवतो. वाटणी, शेजाऱ्याशी देवाणघेवाण आणि चाल सांभाळणे ही आजच्या महासंगणकाची तिन्ही सूत्रे त्या चित्रात आहेत.

संगणक आल्यावर बराच काळ एकेक यंत्रच वेगवान होत गेले. पण २००५ च्या सुमारास एकेका चिपचा वेग वाढवणे थांबले, कारण वेग वाढवला की ती इतकी तापते की थंड ठेवणे परवडत नाही. तेव्हापासून वेग हवा असेल तर यंत्रांची संख्या वाढवायची, हाच मार्ग उरला.

महाराष्ट्र या वाटेवर त्याआधीच चालू लागला होता. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेने भारताला क्रे कंपनीचे सर्वांत ताकदवान महासंगणक द्यायचे नाकारले. म्हणून १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, उभे राहिले. त्याचे नेतृत्व अकोला जिल्ह्यातल्या मुरांबा गावी जन्मलेल्या आणि नागपुरात अभियांत्रिकी शिकलेल्या डॉ. विजय भटकर यांच्याकडे होते. १९९१ मध्ये तिथे परम ८००० तयार झाला. त्यात एक अतिवेगवान मेंदू नव्हता. ट्रान्सप्युटर नावाच्या अनेक साध्या चिप एकमेकींना जोडलेल्या होत्या. प्रत्येक चिपला शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी स्वतःचे चार दुवे होते. बाजारात मिळणाऱ्या मध्यम ताकदीच्या सुट्या भागांतून मोठी ताकद उभी करता येते, हे त्या यंत्राने दाखवले. ती ताकद चिपइतकीच त्यांच्या जोडणीत होती.

धुऱ्यावरची देवाणघेवाण

समजा एका संगणकाला १०० गुणिले १०० चौकटींचा तुकडा दिला. आत दहा हजार चौकटी आहेत. मधल्या चौकटींचे गणित तो एकटा करू शकतो, कारण त्यांचे शेजारी त्याच्याच तुकड्यात आहेत. कडेच्या ३९६ चौकटींसाठी मात्र शेजारच्या संगणकाचे आकडे लागतात. म्हणून प्रत्येक संगणक आपल्या तुकड्याभोवती शेजाऱ्याच्या आकड्यांची एक पट्टी बाळगतो आणि दर पावलाला ती ताजी करून घेतो. दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर पाण्याचा हिशेब जुळवून घ्यावा, तसे हे आहे.

इथे कडेच्या चौकटी एकूण चौकटींच्या सुमारे ४ टक्के आहेत. आता काम लवकर उरकावे म्हणून तुकडे आणखी लहान केले. प्रत्येकाला फक्त १० गुणिले १० चौकटी दिल्या. आत १०० चौकटी, त्यांपैकी ३६ कडेला. म्हणजे ३६ टक्के. संगणक शंभरपट वाढवले आणि प्रत्येकाच्या कामातला बोलण्याचा वाटा नऊपट झाला. एका मर्यादेपलीकडे यंत्रे गणित कमी आणि निरोपानिरोपी जास्त करू लागतात. फार लहान बांध्या पाडल्या की जमीन धुऱ्यातच जाते, हे धानाच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

म्हणून रचनाकार तीन गोष्टी करतात. तुकडे लांबट पट्ट्यांसारखे न पाडता शक्य तितके चौरस पाडतात, म्हणजे तेवढ्याच क्षेत्राला कड कमी पडते. छोटे छोटे हजार निरोप न पाठवता एक मोठा पाठवतात, कारण प्रत्येक निरोपाला सुरुवातीचा ठरावीक वेळ लागतोच. आणि कडेचे आकडे आधी रवाना करून ते वाटेत असताना मधल्या चौकटींचे गणित उरकून घेतात. थांबण्याचा वेळ असा कामात लावता येतो.

सर्वांत हळू चालणारा चाल ठरवतो

दर पावलाला शेजाऱ्याचे आकडे लागत असल्याने एक जण मागे पडला की सगळे खोळंबतात. काम समान वाटले तरी असे होऊ शकते. सूर्यप्रकाशाने हवा किती तापते, याचे गणित दिवसाच्या बाजूलाच करावे लागते. पृथ्वीची अर्धी बाजू रात्रीत असते. निव्वळ नकाशा पाहून तुकडे वाटले, तर अर्धे संगणक राबतील आणि उरलेले त्यांची वाट पाहत बसतील. म्हणून काही रचनांत या गणितापुरते काम पुन्हा वाटतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडा दिवस, थोडी रात्र देतात.

दुसरी अडचण न वाटता येणाऱ्या कामाची. रोवणीला दहा बाया असोत की शंभर, पऱ्हे काढून, जुड्या बांधून बांधीत येईपर्यंत कोणालाच रोवता येत नाही. जीन ऍम्डाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये हाच हिशेब मांडला. शंभर तासांच्या कामातले पाच तास वाटता येत नसतील, तर उरलेल्या पंचाण्णव तासांसाठी लाख यंत्रे लावा, काम पाच तासांखाली येणार नाही. वेग फार तर वीसपट वाढेल. नवी यंत्रे घेण्याआधी हे पाच तास कमी कसे करता येतील, ते पाहावे लागते.

तारांची लांबी

प्रकाश एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या एक अब्जाव्या भागात, काचेच्या तंतूतून सुमारे २० सेंटिमीटर जातो. महासंगणकाच्या दालनात २० मीटरवरच्या यंत्राला निरोप पाठवायला नुसत्या अंतरापोटीच १०० नॅनोसेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला अडीच अब्ज ठोके घेणारी चिप अडीचशे ठोके मोजून झालेली असते. म्हणून कोणते यंत्र कोणाच्या जवळ ठेवायचे आणि कोणाला थेट जोडायचे, याला फार महत्त्व येते.

प्रत्येकाला प्रत्येकाशी थेट जोडणे शक्य नसते. हजार यंत्रांना जवळपास पाच लाख तारा लागतील. २०१८ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत बसवलेल्या प्रत्युष या महासंगणकात यावर एक तोड वापरली होती. यंत्रांचे गट करायचे, गटाच्या आत दाट जोडणी ठेवायची आणि प्रत्येक गटातून इतर गटांकडे थोडे लांब दुवे न्यायचे. असे केले की कोणताही निरोप मोजक्या टप्प्यांत कुठेही पोचतो. हवामानाची काही प्रारूपे हवेचे वर्णन चौकटींबरोबरच पृथ्वीभर पसरलेल्या लाटांच्या रूपातही करतात. त्यांत फक्त शेजाऱ्यांशी बोलून भागत नाही. दर पावलाला सर्वांचे आकडे सर्वांत फिरवावे लागतात. अशा प्रारूपांची खरी कसोटी चिपपेक्षा तारांवर लागते.

प्रत्युषची क्षमता ४ पेटाफ्लॉप होती, म्हणजे सेकंदाला चार हजार लाख कोटी गणिते. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच संस्थेत अर्का आला, त्याची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप. नोएडाच्या राष्ट्रीय मध्यम अवधी हवामान अंदाज केंद्रात त्याचा जोडीदार अरुणिका आहे, ८.२४ पेटाफ्लॉपचा.

एक यंत्र बंद पडले तर

एक संगणक सरासरी पाच वर्षांतून एकदा बिघडतो असे धरू. घरी असा संगणक असेल तर आपण त्याला भरवशाचा म्हणू. पण असे ३,००० एकत्र आणले की त्यांपैकी कोणता ना कोणता साधारण दर पंधरा तासांनी बंद पडेल. मोठ्या यंत्रणेत बिघाड रोजचाच असतो, म्हणून रचना तो गृहीत धरूनच केली जाते.

उपाय साधा आहे. गणित ठरावीक अंतराने थांबवायचे आणि त्या क्षणाचे सगळे आकडे साठवणीत लिहून ठेवायचे. यंत्र बंद पडले की दुसरे लावायचे आणि शेवटच्या नोंदीपासून पुढे जायचे. नोंद वारंवार केली तर लिहिण्यातच वेळ जातो, क्वचित केली तर बिघाडानंतर बरेच काम पुन्हा करावे लागते. बिघाड किती वेळा होतो, हे पाहून मधला टप्पा ठरवतात.

पर्जन्यमापकापासून पुण्यापर्यंत

गणिताला सुरुवातीचे आकडे लागतात, आणि ते गोळा करणारे जाळे महासंगणकाहून कितीतरी पसरलेले आहे. जगभरातली केंद्रे ग्रीनिचच्या वेळेनुसार शून्य आणि बारा वाजताच्या, म्हणजे आपल्याकडे पहाटे आणि सायंकाळी साडेपाचच्या, नोंदींसाठी फुगे सोडतात. नागपूर हे त्यांतले एक केंद्र. वर इन्सॅट-३डीएस उपग्रह आहे, नागपुरात डॉप्लर रडार आहे, आणि महाराष्ट्रात महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत.

महासंगणकातले संगणक एका छताखाली असतात. हे जाळे पावसात, जंगलात, वीज जाणाऱ्या गावांत असते. इथे निरोप हरवतो, उशिरा येतो किंवा दोनदा येतो. समजा नवेगावबांध परिसरातल्या एखाद्या केंद्राने १२ मिलिमीटरची नोंद पाठवली, पण पोच आली नाही. नोंद हरवली की पोच हरवली, हे केंद्राला कळायला मार्ग नाही. ते पुन्हा पाठवते. घेणाऱ्याने दोन्ही धरल्या तर पाऊस २४ मिलिमीटर होईल. म्हणून प्रत्येक नोंदीवर केंद्राची ओळख आणि मोजल्याची वेळ लिहिलेली असावी लागते. तीच ओळख आणि तीच वेळ दुसऱ्यांदा आली की ती सोडून द्यायची. नेटवर्क नसेल तेव्हा केंद्राने आकडे स्वतःकडे साठवायचे आणि मिळाल्यावर पाठवायचे.

आणखी एक कठोर नियम पाळावा लागतो, सगळ्यांची वाट पाहायची नाही. ठरलेल्या वेळेपर्यंत आलेल्या नोंदी घेऊन गणित सुरू करायचे. जिथली नोंद आली नाही तिथे आधीच्या अंदाजाचा आकडा धरायचा. सर्वांच्या नोंदी येईपर्यंत थांबलो, तर अंदाज वेळेत निघणारच नाही.

कोणता निर्णय जवळ घ्यायचा आणि कोणता दूर, हाही रचनेचाच प्रश्न आहे. धानावर फवारणी करणारा ड्रोन सेकंदाला पाच मीटर वेगाने उडतो असे धरू. समोर विजेची तार दिसल्यावर दूरच्या संगणकाला विचारून उत्तर यायला अर्धा सेकंद लागला, तर तेवढ्यात तो अडीच मीटर पुढे गेलेला असेल. म्हणून तार चुकवण्याचा निर्णय ड्रोनच्या अंगातच व्हायला हवा. कोणत्या शेतात कधी जायचे, हे मात्र दूरवरून ठरले तरी चालते. एकत्र काम करणाऱ्या यंत्रमानवांची रचनाही याच विचाराने करतात: तातडीचे जवळ, सावकाशीचे दूर.

एकवीस आभाळे

सुरुवातीच्या नोंदीत किंचित चूक असली तरी काही दिवसांत ती फुगत जाते. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी १९६३ मध्ये हे गणिताने दाखवले. म्हणून एकच अंदाज काढून थांबत नाहीत. सुरुवातीचे आकडे थोडे थोडे बदलून तेच गणित अनेकदा करतात. जून २०१८ पासून भारतात १२ किलोमीटर चौकटीचे असे २१ अंदाज एकत्र काढले जाऊ लागले.

संगणकाच्या रचनेच्या दृष्टीने हे फार सोयीचे काम आहे. एकवीस अंदाजांना चालू असताना एकमेकांशी बोलावे लागत नाही. प्रत्येक वेगळ्या यंत्रसमूहाला द्यायचा आणि शेवटी उत्तरे गोळा करायची. एकवीसपैकी चौदांत जोरदार पाऊस निघाला तर शक्यता सुमारे ६७ टक्के. अशी टक्केवारी पाहिली की ती कोणाचा तर्क समजू नये. इतक्या आभाळांपैकी कितीत पाऊस पडला, याची ती मोजणी असते.

चौकट: थोडक्यात

• हवेच्या चौकटी पाडतात आणि त्यांचे तुकडे हजारो संगणकांत वाटतात.
• चौकट निम्मी केली की काम आठपट होते.
• तुकडे फार लहान केले की गणितापेक्षा देवाणघेवाण वाढते.
• सर्वांत मागे पडलेला संगणक आणि न वाटता येणारे काम मिळून एकूण वेग ठरवतात.
• बिघाड, हरवलेले आणि दुबार निरोप गृहीत धरून रचना करतात.
• अनेक अंदाज एकत्र पाहिले की शक्यता टक्क्यांत सांगता येते.

गोंदियाने काय मागावे?

२४ ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतींच्या पातळीवर हवामानाचा अंदाज देण्याची सोय सुरू झाली. ही मोठी गोष्ट आहे, पण तिची मर्यादाही ओळखून घ्यायला हवी. जोराच्या सरीचा एकेक ढग पाच-सात किलोमीटर रुंदीचा असू शकतो, म्हणजे ६ किलोमीटरच्या जाळीत जेमतेम एक चौकट. एखादा आकार नीट उमटायला चार-पाच चौकटी तरी लागतात. त्यामुळे सालेकसाच्या डोंगराळ भागात पाऊस आणि आमगावात ऊन, हा फरक दोन दिवस आधी नेमका सांगणे अजून अवघड आहे. शेतकऱ्याने अंदाज वापरावा तो पाच दिवसांचा कल आणि टक्केवारी पाहण्यासाठी, आणि रोवणीच्या दिवशी सकाळी रडारवरची ताजी माहितीही पाहावी.

महासंगणक मोठे होत राहतीलच. पण सुरुवातीचा आकडाच चुकीचा असेल तर अकरा पेटाफ्लॉपही तो दुरुस्त करू शकत नाहीत. ज्या पर्जन्यमापकावर झाडाची फांदी आली आहे, ज्याच्या नळीत पाला अडकला आहे किंवा ज्याची बॅटरी महिनाभर उतरलेली आहे, तो या साऱ्या यंत्रणेचा सर्वांत कच्चा दुवा आहे, आणि तो आपल्याच गावात आहे. ग्रामसभेत रस्ता आणि नाली यांच्याबरोबर आपल्या मंडळातले हवामान केंद्र चालू आहे का, हाही प्रश्न विचारला जावा. शाळांनी पावसाळाभर रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजून लिहावा आणि केंद्राच्या आकड्याशी पडताळून पाहावा. पुण्यातले संगणक आपले काम चोख करत आहेत. त्यांना खरा आकडा पुरवणे हे गोंदियाचे काम आहे.